कोण आहे गं खाली?

बाबा तिला धाकटी म्हणत. एकुलत्या एक मुलीला धाकटी कशाला म्हणायचं, असं कुणी पाहुण्याने विचारलंच तर ते म्हणत, "घरात माणसं तीन. त्यांत सगळ्यात धाकटी कोण? तीच ना?" पाहुणा हसे आणि विषय तिथेच संपे. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. आता ती चाळिशीला टेकली होती, केसांत पांढऱ्या रेघा दिसू लागल्या होत्या, कामाचे फोटो वर्तमानपत्रांत छापून येत होते, तरी आईच्या आणि मित्रांच्या तोंडी ती धाकटीच होती.

तिचं काम नातेवाइकांना सांगून समजत नसे. "चित्रकार आहेस का?" तशीच काहीशी. "मग सिनेमा काढतेस?" तसंही म्हणता येईल. एका काकूंनी शेवटी परस्पर ठरवून टाकलं होतं की ही पोरगी कॉम्प्युटरवर भुतं दाखवते. तसं ते फार चूक नव्हतं. भिंती आणि जमिनीवर प्रोजेक्टरने चित्रं पाडायची, आत चालणाऱ्या माणसाबरोबर ती चित्रं बदलायची, डोळ्यांवर हेडसेट चढवला की माणूस भलत्याच जागी जाऊन पोचायचा, असं तिचं काम.

या वेळी तिने लोकांना आपल्या घरी नेलं होतं.

ते घर आता उभं नव्हतं. बाबा लिफ्टचे मेकॅनिक. जन्मभर दुसऱ्यांच्या इमारतींत वरखाली केलं आणि स्वतः मात्र त्या बसक्या, दोन मजली, लाकडी जिन्याच्या घरात राहिले. म्हातारपणी त्यांना एकच खूळ लागलं, गाडी शिकायचं. घरात गाडी नाही, घ्यायचा विचार नाही, आणि हे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला असलेल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जात. परीक्षेत दर वेळी नापास. आई म्हणे, "लिफ्टमध्ये जन्म गेला यांचा. वरखाली जमतं, सरळ जाता येत नाही." पुढे ते अंथरुणाला खिळले आणि गेले. घर विकलं. पाडायच्या आधी धाकटीने लेझरचा स्कॅनर घेऊन घराचा कोपरा न् कोपरा टिपला. भिंतीची पोपडी, जिन्याच्या कठड्यावरची खाच, स्वयंपाकघरात उतरायची एकुलती पायरी, सगळं. तेच घर तिने एका बंद पडलेल्या गोदामात पुन्हा उभं केलं, नुसत्या उजेडाचं, आणि त्याला नाव दिलं 'आमचं घर'.

एका वेळी एकाच माणसाने आत जायचं. त्याला जे दिसे तेच गोदामाच्या चारी भिंतींवर उमटे, त्यामुळे रांगेतल्यांचीही करमणूक होई. घरात अंधार असे. हाताने चाचपून दिव्याचं बटण शोधायचं. हात कुठे आहे ते छतावरच्या कॅमेऱ्यांना कळे आणि बरोबर जागी पोचला की दिवा लागे. एक गृहस्थ बाबांच्या आरामखुर्चीत ऐसपैस बसायला गेले आणि सपाट फरशीवर आडवे झाले. खुर्ची होती कुठे?

पण स्वयंपाकघराचा दिवा अजून कुणालाही लावता आला नव्हता. ते बटण दाराच्या फळीमागे, कमरेच्याही खाली होतं. सगळे खांद्याच्या उंचीवर चाचपत आणि कंटाळून पुढे जात. मुलाखतीला कुणी आलं की धाकटी त्या बटणाची गोष्ट हमखास सांगे. ते तिथे का बसवलं, असं लहानपणी तिने बाबांना विचारलं होतं. बाबा म्हणाले होते, "पोरीचा हात पोचावा म्हणून." सांगताना दर वेळी तिचा आवाज जरासा ओला होई.

त्या दिवशी दुपारी रांग बरीच होती. कॉम्प्युटरशी धाकटी बसली होती आणि हेडसेट चढवायला तिचा सहकारी उभा होता. त्याला सगळे दाढी म्हणत, कारण त्याच्या चेहऱ्यात दुसरं काही नजरेत भरतच नसे. दाढीसमोर एक बाई येऊन उभ्या राहिल्या. पन्नाशीच्या अलीकडच्या, अंगाने भक्कम, उन्हाने रापलेल्या.

"पट्टा जरा घट्ट करा," त्या म्हणाल्या. "सैल पट्टा काय कामाचा?"

"अंधार असेल, घाबरू नका," दाढीने नेहमीचं सांगितलं. "दिवे हाताने शोधायचे. सावकाश चाला."

"सावकाश चला, हे मी दिवसभर लोकांना सांगते," बाई म्हणाल्या आणि आत शिरल्या.

धाकटी चहाचा कप तोंडाला लावत होती. भिंतींवर ओसरी उमटली, मग बाहेरची खोली. बाई थांबल्या नाहीत. खुर्चीला वळसा घालून त्या सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी गेल्या. पुढे मिट्ट काळोख. तिथली पायरी कुणालाच दिसत नसे. गोदामाची फरशी तर सपाट होती. पण बाईंनी पाय उचलला आणि पायरी उतरताना टाकतात तसा जपून खाली टाकला. फरशी अपेक्षेआधीच लागली तशा त्या किंचित झोकांडल्या आणि स्वतःशीच हसल्या. मग न चाचपता, न थांबता, त्या कमरेत वाकल्या आणि दाराच्या फळीमागे हात घातला.

स्वयंपाकघर उजळलं.

रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. धाकटीच्या हातातला कप तिथेच थबकला.

"लावला!" दाढी ओरडला. "बघितलंस? पहिल्याच झटक्यात!"

धाकटीने बघितलं होतं. तिने हेही बघितलं होतं की बाईंनी दिवा शोधला नव्हता. त्यांना तो माहीत होता. पायरीही माहीत होती. 'मुलाखत वाचली असेल,' तिने मनाला समजावलं. पण पायरीबद्दल ती कुठल्याही मुलाखतीत बोलली नव्हती.

बाई आता जिन्याकडे वळल्या होत्या. एरवी लोक तिथून वर बघत. त्या खाली बसल्या, गुडघ्यांवर आल्या आणि जिन्याखालच्या सांदीत रांगत शिरल्या. तिथे भिंतीच्या अगदी बुडाशी खिळ्याने कोरलेला एक मासा होता. मोठ्या डोळ्याचा, शेपटी तुटकी. धाकटीने लहानपणी कोरला म्हणे. तिला आठवत नव्हतं, पण घरात तसंच सांगत आले होते. स्कॅनमध्ये मासा उमटला होता, पण आजवर एकाही माणसाला दिसला नव्हता. सगळ्या भिंतींवर एक भलाथोरला मासा पसरला आणि बाईंचं बोट त्याच्या पाठीवरून फिरलं, शेपटीपर्यंत गेलं, तिथे थांबलं.

जिन्याजवळ कुणी आलं की वरून बाबांचा आवाज येत असे. आजारपणात ते वरच्या खोलीत पडून असत आणि दार वाजलं की हाक मारत. ती हाक धाकटीने सहज म्हणून फोनवर टिपून ठेवली होती. आत्ताही ती आली, थकलेली, घोगरी.

"कोण आहे गं खाली?"

लोक एरवी या जागी दचकत, नाहीतर खुदकन हसत. बाई हसल्या नाहीत. हेडसेटमधल्या माइकमधून त्यांचा आवाज सबंध गोदामात ऐकू आला.

"मी आहे, बाबा. थोरली."

कुणाचा तरी श्वास अडकल्यासारखा आवाज झाला. तो आपलाच, हे धाकटीला जरा वेळाने कळलं. कप कलंडला होता आणि चहा टेबलावरून तिच्या मांडीवर ठिबकत होता. चटका बसायला हवा होता. बसत नव्हता.

माणूस तिथेच थांबला तर हाक पुन्हा वाजे, तशीच व्यवस्था होती.

"कोण आहे गं खाली?"

"सांगितलं ना," बाई हळू आवाजात म्हणाल्या, "मीच."

धाकटीने आवाज बंद केला.  दाढी धावत आला आणि तिच्या तोंडाकडे बघून म्हणाला, "काय झालं? कोण आहे ही बाई?"

"माहीत नाही," धाकटी म्हणाली. आणि बोलता बोलताच तिला जाणवलं की हे खोटं आहे. धाकटी. तीन माणसांत सगळ्यात धाकटी. जन्मभर ज्या नावाला ती ओ देत आली, त्या नावातच एक दुसरं माणूस उभं होतं आणि तिने कधी मान वळवून पाहिलं नव्हतं.

दाढीने प्रदर्शन थोडा वेळ बंद ठेवलं. गोदामाच्या मागे, जिथे रिकामी खोकी रचून ठेवली होती, तिथे एका बाकावर बाई बसल्या. धाकटी त्यांच्यासमोर उभी राहिली. बस म्हटलं तरी तिला बसता येईना.

"मी घर बघायला आले होते," बाई म्हणाल्या. "माणसं बघायला नाही. तोंडातून निघून गेलं ते. त्यांचा आवाज असेल असं पोस्टरवर लिहिलं नव्हतं."

"तुम्ही... तू कोण?" धाकटीने विचारलं. कळत होतं, तरी विचारलं.

"तुझ्या बाबांची मुलगी. माझी आई तापाने गेली तेव्हा मी पाच वर्षांची होते. मग तुझी आई आली. मग मला मावशीकडे पाठवलं, चार दिवस हवापालट म्हणून." बाईंनी खांदे उडवले. "चांगलीच लांबली हवा."

"मला कुणी कधीच..."

"तुला कोण कशाला सांगेल? तू जन्मलीस तेव्हा सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल. पाटी पुसून झाली."

"ते बटण," धाकटी म्हणाली. एवढ्या सगळ्यातून तिला तेच आठवलं, याची तिला लाज वाटली.

"मला अंधाराची भीती वाटायची. रात्री पाणी प्यायला जायचे आणि दाराशीच रडत उभी राहायचे. एका रविवारी बाबांनी भिंत फोडून वायर खाली ओढली. माझी आई ओरडली त्यांना, सगळ्या पिठात माती पडली म्हणून." त्या प्रथमच नीट हसल्या. "का? तुला काय सांगितलं होतं?"

"पोरीचा हात पोचावा म्हणून."

"मग खोटं कुठे सांगितलं?"

धाकटी मटकन खोक्यावर बसली. बटण गेलं, मासा गेला, नावही अर्धं गेलं. ज्या घराला ती जगभर 'आमचं' म्हणून मिरवत होती, त्या घरात ती दुसरी होती आणि सगळ्या वस्तू आधी वापरलेल्या होत्या.

"नंतर कधी भेटले नाहीत ते तुला?"

बाईंनी खिशातून किल्ल्या काढल्या, उगाच हातात खुळखुळवल्या. "माझं ड्रायव्हिंग स्कूल आहे."

"शहराच्या त्या टोकाला?" धाकटीने विचारलं. 

"एक दिवस आले," बाई म्हणाल्या. "पांढरे केस, इस्त्रीचा शर्ट. म्हणाले, गाडी शिकायची आहे. मी बघताक्षणी ओळखलं. ते तर पत्ता काढूनच आलेले. दोघांनीही तसं दाखवलं नाही. मी म्हटलं, बसा काका."

"काका?"

"मग काय म्हणू? शेजारी बाप बसलाय, क्लच दाबतोय, आणि आपण म्हणायचं, काका, पाय हळू सोडा. काका, आरशात बघा. तासभर एवढंच. एकदाही त्यांनी विषय काढला नाही. मीही नाही काढला."

"पण ते तर नापास..."

"नापास?" बाईंचा आवाज चढला. "अगं, उत्तम चालवायचे! मेकॅनिकचा हात तो. परीक्षेच्या दिवशी बरोब्बर गाडी बंद पाडायचे. पास झाले असते तर क्लास संपला असता ना."

गोदामातून दाढीचा आवाज येत होता, रांगेतल्या लोकांची समजूत घालणारा. धाकटीला तो पाण्याखालून आल्यासारखा वाटला. रात्रीच्या जेवणाला बाबांच्या नापास होण्यावर ती आणि आई किती हसल्या होत्या! बाबाही हसत. मान खाली घालून, ताटात बघत हसत.

"मग यायचे बंद झाले," बाई म्हणाल्या. "मी घरी फोन केला. तू उचललास."

"मी?"

"म्हणालीस, बाबा आजारी आहेत, आता नाही शिकणार ते गाडी. आणि म्हणालीस, तुम्ही सुटलात हो. आणि हसलीस. छान हसतेस. मी म्हटलं, बरं, काळजी घ्या."

धाकटीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तो फोन तिला आठवत होता का? कितीतरी फोन येत तेव्हा. आठवत नव्हता, हेच जास्त भयंकर होतं.

बाई उठल्या. "माझा क्लास आहे," म्हणाल्या. "घर मस्त केलंयस. नाव तेवढं बघ. आमचं म्हणजे कुणाचं ते."

संध्याकाळी धाकटी घरी आली तेव्हा आई टीव्हीसमोर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. धाकटीने चपलाही काढल्या नाहीत.

"आई, थोरली आली होती."

आईचे हात टॉवेलवर थांबले. टीव्हीवर कुणीतरी मोठमोठ्याने हसत होतं. आईने रिमोट शोधला, तो सापडेना, शेवटी उठून तिने प्लगच काढला.

"कशी आहे?" तिने विचारलं.

कोण थोरली, असं तिने विचारलं नाही. तेवढीच एक आशा धाकटीला उरली होती, तीही गेली.

"तुला माहीत होतं!"

"मला माहीत नसेल तर कुणाला असेल? माझ्या लग्नात ती माझ्याच मांडीवर झोपली होती." आई पुन्हा बसली. "नंतर माझ्या हातचं खाईना. मी बावीस वर्षांची, मला पोर कसं सांभाळतात ते काय ठाऊक? तुझी आजी म्हणाली, चार दिवस मावशीकडे राहू दे. मग तू पोटात राहिलीस. मग आजी म्हणाली, आता कशाला आणायचं. आणि मग कुणी काही म्हणेचना. तुझे बाबा तर मुळीच नाही. मला वाटलं, विसरले."

"विसरले नव्हते," धाकटी म्हणाली आणि तिने ड्रायव्हिंग स्कूलचं सांगितलं.

आई ऐकत राहिली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. ही बातमी आईलाही नवीन होती, हे धाकटीला तेव्हा समजलं.

"म्हणजे ते मुद्दाम...?"

"हो."

"आणि मी त्यांना ठोंब्या म्हणायचे." आईच्या तोंडून हसण्यासारखा एक आवाज निघाला आणि मध्येच फाटला. मग ती एकदम चिडली, मांडीवरचा टॉवेल तिने खाली आपटला. "माझ्यापासून चोरून? मी काय खाल्लं असतं तिला? सरळ सांगायचं होतं, पोरीला भेटून येतो. मी नको म्हटलं असतं का?"

धाकटीने टॉवेल उचलून पुन्हा तिच्या मांडीवर ठेवला.

"तेव्हा म्हटलं असतं," थोड्या वेळाने आई स्वतःच म्हणाली. "तेव्हा म्हटलं असतं नको. पण सत्तरीत? सत्तरीत कोण कुणाला अडवतं?" आणि ती रडायला लागली, नवऱ्यासाठी रडली होती त्याहून जोरात, टॉवेल तोंडात कोंबून.

धाकटीला वाटलं होतं आपण आईवर खूप रागावू. राग होताही. पण समोरच्या बाईला आत्ता धरलं नाही तर ती कोसळेल असं दिसत होतं, म्हणून तिने आधी धरलं.

दुसऱ्या दिवशी आई न विचारता तयार होऊन दाराशी उभी राहिली. प्रदर्शन सुरू झाल्यापासून ती एकदाही गेली नव्हती. "पाडलेल्या घरात जाऊन काय बघायचं," म्हणायची. धाकटीने ड्रायव्हिंग स्कूलला फोन केला. आई येतेय, तूही ये, म्हणाली. मग थोरली म्हणाली, "क्लास संपवून येते. थांबणार नाही."

ती आली तेव्हा आई गोदामाच्या मधोमध उभी होती. दाढीने हुशारी करून सगळे दिवे लावून ठेवले होते, त्यामुळे चारी भिंतींवर घर उजळलेलं होतं, बाहेरची खोली, जिना, स्वयंपाकघर. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.  धाकटीला वाटलं आता माफी, आता रडणं, आता काहीतरी फुटणार.

"तुझ्या आईचा फोटो इथे होता," आई भिंतीकडे बोट दाखवत म्हणाली. "घड्याळाच्या जागी. मी काढायला लावला नव्हता. तो पडून काच फुटली."

"इथे नव्हता," थोरली म्हणाली. "कपाटाजवळ होता."

"कपाट या भिंतीला होतंच कुठे? कपाट माझ्याबरोबर आलं."

"तुमच्याबरोबर आलं ते दुसरं. आधी एक हिरवं होतं. पत्र्याचं. दार लागायचं नाही त्याचं."

आई विचारात पडली. "हिरवं," ती हळूच म्हणाली. "हो गं. होतं. मीच भंगारात घातलं ते."

"त्यात माझी बाहुली होती," थोरली म्हणाली.

 थोरलीचा जबडा आवळला होता. आईने हात पुढे केला, अर्ध्यात आणून मागे घेतला. धाकटी बाजूला उभी होती. तिच्या लेझरने एकेक खिळा मोजला होता, पण हिरवं कपाट तिला माहीत नव्हतं, फोटो माहीत नव्हता, बाहुली माहीत नव्हती. या दोघी ज्याच्याबद्दल भांडत होत्या त्या घरात ती जन्मलेलीच नव्हती. कालपासून छातीवर ठेवल्यासारखा जो दगड होता तो हलला नाही, पण त्याच्याखालून तिला पहिल्यांदा श्वास घेता आला.

"निघते," थोरली म्हणाली. "पुढच्या क्लासची मुलं खोळंबलीत."

"उद्या ये," आई म्हणाली.

"उद्या परीक्षा आहेत त्यांच्या."

"मग परवा."

"बघू."

परवा ती आली नाही. त्यानंतरच्या आठवड्यातही नाही. धाकटीने प्रदर्शनाच्या दारावरची पाटी उतरवून ठेवली. दुसरं नाव सुचेना, म्हणून जागा रिकामीच राहिली आणि लोकांना ते कलेचं काहीतरी वाटलं. मग एका दुपारी थोरली काही न कळवता थेट घरीच उगवली, गाडीच्या किल्ल्या खुळखुळवत. दारातून आत यायला तिने बराच वेळ लावला. चहा घेतला, खिडकीची कडी ढिली आहे म्हणाली, ती घट्ट करून दिली आणि गेली. तेव्हापासून येते अधूनमधून. गेलेल्या वर्षांबद्दल बोलत नाही. आईने एकदा विषय काढला तर उठून गाडीत जाऊन बसली, मग पुष्कळ दिवस फिरकली नाही.

आईला काय म्हणायचं हे तिचं अजून ठरत नाही. आई म्हणवत नाही, काकू म्हणणं बरं दिसत नाही. म्हणून ती नुसती अहो म्हणते.

"अहो काय अहो," आई परवा वैतागली, "मी काय तुझा नवरा आहे?"

थोरली त्यावर इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. पाणी आणायला धाकटी आत गेली आणि ओट्याशी उभी राहून दोघींचं हसणं ऐकत राहिली. पेला भरून वाहू लागला, तरी तिने नळ बंद केला नाही.